आपल्याच पत्त्यावर राहणाऱ्या संख्या

आपल्या मंडळींत आडनाव हा एक पत्ताच असतो. शेवटचे ‘कर’ काढले की गाव उरते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा हैदराबादेत पाच-सहा पिढ्या काढलेल्या घरात जाऊन विचारावे, की आडनावातल्या त्या गावी आता तुमचे कोण राहते? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, कुणी नाही. कुलदैवताला जाताना एकदा वाटेत लागले होते, एवढेच. पुणतांब्यात राहणारा पुणतांबेकर हा विरळाच.

संख्यांच्या बाबतीतही असा शोध घेता येतो. त्यांचे गाव म्हणजे परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराचा दशांश विस्तार. विल्यम जोन्स या वेल्श शिक्षकाने १७०६ साली त्यासाठी एक ग्रीक अक्षर वापरले, आणि तेव्हापासून त्याचे नाव पाय पडले. आपल्या भाषेत पायाला दुसरा अर्थ आहे आणि तो इथे गैरसोयीचा नाही, कारण पुढे बरेच चालायचे आहे. हातात पेन्सिल असू द्यावी. दशांश चिन्हाच्या आधीचा ३ बाजूला ठेवून पुढचे पहिले १०० अंक असे:

१४१५९२६५३५ ८९७९३२३८४६ २६४३३८३२७९ ५०२८८४१९७१ ६९३९९३७५१०
५८२०९७४९४४ ५९२३०७८१६४ ०६२८६२०८९९ ८६२८०३४८२५ ३४२११७०६७९

नियम एकच. कोणतीही संख्या घ्यावी, ती या ओळीत प्रथम कोणत्या स्थानापासून सुरू होते ते मोजावे, आणि ते स्थान म्हणजे तिचा पत्ता समजावा. १९ घेऊ. चौथ्या गटाच्या शेवटाकडे १९ दिसते, ३७व्या स्थानापासून. म्हणजे १९चा पत्ता ३७. आता ३७ कुठे राहते? पाचव्या गटात, ४६व्या स्थानापासून. आणि ४६? दुसऱ्या गटाच्या अखेरीस, १९व्या स्थानापासून. एकोणीस सदतिसाच्या घरी, सदतीस सेहेचाळिसाच्या घरी, सेहेचाळीस एकोणिसाच्या घरी. तिघेही भाडेकरू आणि तिघेही घरमालक. मी हे प्रथम पेन्सिलीने करून पाहिले तेव्हा मोजण्यात चूक झाली असे वाटून पुन्हा मोजले. आपणही मोजावे, पन्नास अंकांच्या आतच सगळे आहे.

असेच एक मोठे चक्र या विषयाच्या हौशी लोकांत प्रसिद्ध आहे. १६९चा पत्ता ४०. चाळिसाचा ७०. सत्तराचा ९६. इथवरचे तीन टप्पे वरच्या दोन ओळींत बोट ठेवून तपासता येतात. पुढे ९६ चा पत्ता १८० आणि १८०चा ३६६४, आणि तिथून ही यात्रा २४७१७, १५४९२, ८४१९८ अशी दूर निघून जाते. कधी पाच अंकी, कधी चार अंकी मुक्काम करीत ती ४४७४५वर पोचते, तिथून ९३८५वर, आणि ९३८५चा पत्ता निघतो १६९. वीस पावलांत पुन्हा दारात.

एक अंकी संख्यांचे काय होते ते तर फारच गंमतीचे आहे. पायच्या दशांशांत पहिले शून्य उशिरा येते, ३२व्या स्थानी. ३२चा पत्ता १५. पंधराचा ३. तिनाचा ९, नवाचा ५, पाचाचा ४, चाराचा २, दोनाचा ६, सहाचा ७, साताचा १३. तेरा मात्र पहिल्या शंभरात नाही. तो ११०व्या स्थानी भेटतो. ११० भेटते १७४ला, १७४ भेटते १५५ला, आणि १५५चा पत्ता ३१४. शून्यापासून निघालेली आगगाडी एकेक स्टेशन घेत पायच्या स्वतःच्या पहिल्या तीन अंकांपाशी येऊन उभी राहते! मुलांना हे दाखवले तर ती टाळ्या वाजवतील. मीही मनातल्या मनात वाजवल्या.

या गाडीत नसलेले एक अंकी प्रवासी दोनच. आठ वेगळ्या वाटेने जातो, त्याच्याकडे शेवटी येऊ. दुसरा १. तो कुठेच जात नाही, कारण दशांशातला पहिलाच अंक १ आहे. एकाचा पत्ता एक. हाच आपला पुणतांब्यातला पुणतांबेकर.

असे आणखी कोण? संगणकांनी शोध घेतला तेव्हा दोन, तीन आणि चार अंकी संख्यांत एकही सापडली नाही. पाच अंकीत दोन निघाल्या: १६४७० ही बरोबर १६४७०व्या स्थानापासून सुरू होते आणि ४४८९९ ही ४४८९९व्या. त्यानंतर सहा आणि सात अंकी संख्या रिकाम्या गेल्या, आणि आठ अंकीत ७९८७३८८४ भेटली. (या शोधात संख्या आपल्या जागी असली की पुरे, त्याआधी ती दुसरीकडे कुठे येऊन गेली का, हे पाहायचे नाही.)

आता टाळ्या थांबवून थोडा हिशेब करावा लागेल. पाच अंकी संख्या ९०,०००. पायचे अंक लॉटरीच्या चक्राने काढल्यासारखे आहेत असे क्षणभर धरले, तर ठरावीक पाच अंकी संख्या ठरावीक जागी येण्याची शक्यता लाखात एक. नव्वद हजार उमेदवार, प्रत्येकाला लाखात एक संधी. म्हणजे सरासरीने ०·९ संख्या स्वतःच्या पत्त्यावर सापडावी. तीन अंकी संख्यांसाठी हाच हिशेब केला तर ९०० उमेदवार आणि हजारात एक संधी, पुन्हा ०·९. कितीही अंकी घ्या, उत्तर तेच. एक ते आठ अंकीपर्यंत मिळून सातच्या आसपास अपेक्षित होत्या, मिळाल्या चार. नाणेफेकीतही एवढी तफावत पडते. म्हणजे १६४७० आपल्या जागी बसली यात पायने आपल्याला काही सांगितले आहे, असे मानायला जागा नाही. तसे कुणीच जागेवर सापडले नसते, तर मात्र नवल वाटले असते.

मोजण्याचा नियम जरा हलवला की माणसेही बदलतात, हे त्याहून बोलके आहे. सुरुवातीचा ३ धरून मोजले तर १ घराबाहेर पडतो आणि ५ घरी येतो, कारण ३, १, ४, १, ५ यांत पाचव्या जागी ५ आहे. त्या मोजणीत १६४७०ची जागा चुकते आणि २४२४२४ ही देखणी संख्या आपल्या जागी बसते. संख्या कुठे सुरू होते याऐवजी कुठे संपते ते पाहिले, तर ३१५ बरोबर ३१५व्या दशांशस्थानी संपते आणि ३६० बरोबर ३६०व्या स्थानी. वर्तुळाच्या गुणोत्तरात वर्तुळाचे ३६० अंश आपल्याच जागी! पण वर्तुळाचे ३६० भाग करणे ही बाबिलोनी लोकांकडून आलेली चाल, आणि दहा-दहांनी मोजणे ही आपल्या बोटांची. वर्तुळाला यांपैकी काहीच ठाऊक नाही. आणखी एक पाहावे. ३१३ ते ३१६ या जागी ३, १, ५, ५ असे चार अंक आहेत. ३१५चे घर आणि आपल्या आगगाडीचे १५५चे स्टेशन, दोन्ही या चारांतच. शोधायचे ठरवले की एकाच भिंतीवर दोन देव दिसतात.

हे अंक आपल्याशी बोलतात का, हा प्रश्न संगणकाच्या फार आधी विचारला गेला आहे. इंग्लंडमधल्या हौटन-ले-स्प्रिंग या लहान गावात विल्यम शँक्स नावाचा गृहस्थ निवासी शाळा चालवी. त्याने हाताने आकडेमोड करून १८५३ साली पायची ६०७ दशांशस्थाने काढली आणि १८७३पर्यंत ती ७०७वर नेली. ऑगस्टस डी मॉर्गन हा गणिती (त्याचा जन्म आपल्याकडे मदुरैचा) शँक्सचे सहाशेच्या वरचे अंक मोजायला बसला. प्रत्येक अंक साठ-एकसष्ट वेळा यायला हवा होता; ७ मात्र ४४ वेळाच आला होता. सातावर पायचा एवढा राग का, असा प्रश्न त्याने अर्ध्या थट्टेने आणि अर्ध्या काळजीने मांडला. पायचे अंक पुन्हापुन्हा त्याच क्रमाने येणार नाहीत हे लॅम्बर्टने १७६१ सालीच सिद्ध केले होते. पण एखादा अंक त्यात कमी का यावा, याबद्दल त्या सिद्धतेत काही नव्हते.

शँक्स १८८२ साली वारला. त्याच वर्षी लिंडेमानने सिद्ध केले की पट्टी आणि कंपास यांनी वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढताच येणार नाही. शँक्सचे ७०७ अंक पुढे साठ-सत्तर वर्षे प्रमाण मानले गेले. १९३७ साली पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयातल्या एका गोल दालनात ते छताखाली फेर धरून लावलेही गेले. मग १९४५च्या सुमारास फर्ग्युसन या इंग्रज गणितीने वेगळ्या सूत्राने आणि टेबलावरच्या यंत्राने हिशेब केला, तेव्हा दिसले की शँक्सचा ५२८वा अंक चुकला आहे आणि त्यापुढचे सगळेच चुकले आहेत. पॅरिसच्या दालनातले अंक १९४९ साली बदलण्यात आले.

सातांच्या तुटीचे श्रेय या चुकीला देऊन मोकळे व्हावे असा मोह होतो, आणि ही कथा तशी सांगितलेली मी वाचलीही आहे. ते पूर्ण खरे नाही. शँक्सचे पहिले ५२७ अंक बरोबर होते, आणि पहिल्या ५००त सात किती हे मी ओळीओळीने मोजून पाहिले: ३६. पन्नास हवे होते. म्हणजे तूट खरीच होती. पण पहिल्या हजारात सात ९५ वेळा येतो, नवाच्या खालोखाल नव्हे पण शून्याच्या आणि चाराच्या वर. दुसऱ्या पाचशेत ५९ साते आली आणि हिशेब जवळजवळ फिटला. डी मॉर्गनने जे पाहिले ते खरे होते; त्यात अर्थ नव्हता. शँक्सच्या चुकीमुळे ते एवढेच झाले की हिशेब फिटताना कुणाला पाहता आला नाही.

आता यातला गंभीर भाग. वर मी ‘प्रत्येक संख्येचा पत्ता’ असे सहज म्हणून गेलो. प्रत्येक संख्येला पायमध्ये पत्ता असतो हे कुणी सिद्ध केले? कुणीही नाही. बोरेलने १९०९ साली दाखवले की जवळपास सर्व दशांश विस्तारांत प्रत्येक अंकसमूह आपापल्या योग्य प्रमाणात येतो. चॅम्परनाउनने १९३३ साली १, २, ३ पासून सगळ्या संख्या ओळीने चिकटवून एक दशांश अपूर्णांक बनवला आणि तो तसाच आहे हे सिद्ध केले. तिथे प्रत्येकाचे घर बांधूनच दिलेले आहे. पायबद्दल मात्र एवढेही सिद्ध झालेले नाही की त्यात सात अनंत वेळा येतो.

हॉलंडच्या ब्राउवरने १९२०च्या दशकात नेमके इथेच बोट ठेवले. तो विचारी: पायच्या विस्तारात कुठेतरी ०१२३४५६७८९ हा सलग क्रम येतो का? येतो किंवा येत नाही, दोहोंपैकी एक खरे असलेच पाहिजे, असे आपले तर्कशास्त्र म्हणते. ब्राउवर म्हणे, विस्तार कधी पूर्ण होत नाही, तो सापडलेला नाही, आणि तो सापडणे अशक्य आहे याची सिद्धताही नाही. मग ‘दोहोंपैकी एक’ हे कशाच्या आधारावर म्हणता? अनंत रांग जणू कुठे लिहून ठेवलेली आहे आणि आपण फक्त पान उलटायचे आहे, ही समजूत त्याला मान्य नव्हती. गणितातला अर्धा संसार या ‘दोहोंपैकी एक’ वर उभा आहे, त्यामुळे मोठा वाद पेटला. हिल्बर्टला वाटले, मुष्टियोद्ध्याचे हात बांधण्यासारखाच हा प्रकार आहे.

त्या काळी त्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या आवाक्यात येईल असे कुणाला वाटले नसेल. १९४९ साली एनियाक या संगणकाने २०३७ दशांशस्थाने काढली तेव्हाच ते नवल होते. १९९७ साली टोकियो विद्यापीठातल्या कानादा आणि ताकाहाशी यांनी पाच हजार कोटींच्या वर अंक काढले, आणि त्यात ब्राउवरचा क्रम सापडला: सुरुवात १७३८ कोटी ७५ लाख ९४ हजार ८८०व्या स्थानी. दहा अंकी क्रम हजार कोटींत एकदा यावा या हिशेबाने एकूण पाचेक वेळा अपेक्षित होता, तो सहा वेळा मिळाला. ब्राउवर १९६६ सालीच गेला होता. तो असता तर, मला वाटते, खांदे उडवून म्हणाला असता की बरे, आता वीस अंकांचा क्रम घ्या. उदाहरण मेले, हरकत जिवंत आहे.

आपल्या आगगाडीलाही हीच हरकत लागू आहे. आजवर जे पत्ते काढले ते सगळे सापडले. पण ही गाडी पुढच्या स्टेशनावर पोचेलच, असे लेखी कुणी देऊ शकत नाही. सापडेपर्यंत थांबायचे, आणि सापडणारच नसेल तर ते कळायचाही मार्ग नाही.

देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या संख्यांशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. कापरेकर (१९०५–१९८६) शाळामास्तर होते आणि संख्यांना स्वतःशीच बोलायला लावणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांनी ६१७४चा शोध १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच करीत राहा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४. हीच एक संख्या आपल्याच घरी राहते, बाकी सगळ्या जास्तीत जास्त सात पावलांत तिच्या दारी येतात. त्यांच्या ‘स्वयंभू’ संख्या याच जातीच्या: १५मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ जन्मते, म्हणून २१ला आई आहे, २० अशी कुणापासूनच जन्मत नाही, म्हणून ती स्वयंभू. परदेशात मार्टिन गार्डनरने १९७५ साली त्यांच्याबद्दल लिहिले, तोवर आपल्याकडे बऱ्याच जणांनी त्यांना विक्षिप्त मास्तर म्हणून सोडून दिले होते. पण कापरेकरांचे चक्र अभेद्य आहे. चार अंकी संख्या मोजक्या आहेत. चिकाटीचा विद्यार्थी एकूण एक तपासू शकतो. पायचे चक्र नुसते सापडलेले आहे.

आणि एक आपल्या घरांतला विषय. कटपयादी पद्धतीने वाचला की पायचे तीसपेक्षा जास्त अंक देणारा एक संस्कृत श्लोक पुष्कळांनी ऐकला असेल. १९६५ साली छापलेल्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकामुळे तो घरोघर पोचला. श्लोक म्हणून तो मोठा कौशल्याचा आहे. पण त्यातली अक्षरे माणसाने अंक पाहून बसवली आहेत. ज्याला आपल्या परंपरेचा अभिमान वाटतो त्याने माझ्या मते दुसरीकडे पाहावे. आर्यभटाने ४९९ साली २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ देताना ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असा शब्द घातला. केरळच्या माधवाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस अनंत श्रेणी शोधून अकरा दशांशांपर्यंत बरोबर मूल्य काढले, आणि तेही डोळे म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, हत्ती म्हणजे आठ अशा शब्दांत सांगितले गेले. त्याच परंपरेतल्या नीलकंठ सोमयाजीने आर्यभटाच्या त्या एका शब्दावर भाष्य करताना विचारले, की खरे मूल्य सोडून जवळचे का सांगितले? त्याचे उत्तर असे की ते सांगताच येत नाही: ज्या मापाने व्यास पुरा मोजला जाईल त्याच मापाने परिघ मोजला तर काहीतरी उरेलच, माप कितीही लहान केले तरी उरणारे लहान होईल, नाहीसे होणार नाही. लॅम्बर्टच्या सिद्धतेआधी अडीचशे वर्षांचे हे वाक्य आहे. त्यात सिद्धता नाही, पण काय सिद्ध करायला हवे ते पुरते आहे.

आठचे राहिले. आठाचा पत्ता ११. अकराचा ९४, चौऱ्याण्णवाचा ५८, अठ्ठावन्नाचा १०, दहाचा ४९, एकोणपन्नासाचा ५७. एवढे सगळे वरच्या शंभर अंकांत आहे, ताडून पाहावे. ५७साठी मात्र मला बरेच पुढे जावे लागले; ते भेटले ४०४व्या स्थानी. मग ४०४ शोधायला बसलो. माझ्यापाशी कागदावर उतरलेले अंक ५०० होते. त्यांत ते नाही.